भावाची दोन बोटं प्रेसमध्ये गेली, ठेकेदार सोमवारपर्यंत सही मागतोय. करू का?

थोरला_भाऊ: अर्जंट आहे, कोणीतरी सांगा प्लीज. धाकट्या भावाची उजव्या हाताची दोन बोटं कारखान्यात पॉवर प्रेसखाली (पत्रा दाबायचं मशीन) गेली. आता ठेकेदार म्हणतो ४० हजार घे आणि कागदावर सही दे. कागदात लिहिलंय की माझी कसलीही तक्रार नाही आणि मी राजीनामा स्वखुशीने देतोय. तीन महिने घरात पगार नाही त्यामुळे भाऊ म्हणतोय घेऊन टाकू. सही करायची का नाही एवढंच सांगा.

खटपट्या: अजिबात नाही!! पण आधी हे सांगा, अपघात कधी झाला, वय किती, पगार किती, कोणती बोटं, पूर्ण गेली का पेरं? ह्याशिवाय कोण काय सांगणार.

शांत_सरोवर: म्हणूनच मी सगळ्यांना सांगते की स्वतःची अपघात पॉलिसी काढा. वर्षाला थोडासाच हप्ता असतो.

खटपट्या: ताई, अपघात होऊन गेलाय. आता पॉलिसी काढून काय उपयोग?

थोरला_भाऊ: १२ ऑगस्टला झाला. वय ३०, पगार १४,५००. तर्जनी आणि मधलं, दोन्ही मुळापासून. सुपरवायझर म्हणतो चूक तुझ्या भावाची. त्या प्रेसला दोन हिरवी बटणं आहेत, दोन्ही हातांनी एकदम दाबली की मगच रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, खाली येतो. एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं, म्हणजे एका हाताने बटण आणि दुसऱ्या हाताने माल काढायचा, नग जास्त निघतात. पट्टी भावाने नाही लावली, तो लागला तेव्हापासून तशीच आहे, वरून काळी पडलेली.

फिटर_अण्णा: त्या पट्टीचा फोटो आहे का? आजच्या आज मिळवा, नाहीतर उद्या मशीन चकाचक झालेलं असेल. मी २२ वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. टार्गेट वाढवलं की पहिला बळी ह्या बटणाचाच जातो आणि नाव कामगारावर. मशीनचा धोकादायक भाग झाकलेला ठेवायची जबाबदारी अपघाताच्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात मालकावर होती, कामगारावर नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार टाका.

खटपट्या: १९२३ चा नुकसानभरपाई कायदा बघा. एका हाताची दोन बोटं म्हणजे कमाईची क्षमता २० टक्के गेली असं परिशिष्टातच आहे. पगाराचे ६० टक्के ८,७००, कायद्याच्या तक्त्यात वय ३० चा गुणांक २०७.९८, गुणाकार १८,०९,४२६, त्याचे २० टक्के ३,६१,८८५ रुपये. आणि तो ४० हजार देतोय! एका महिन्यात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज. हक्क सोडला असा करार त्या कायद्यात रद्दबातलच आहे, कलम १७.

कामगार_मित्र: खटपट्या, थांबा. तो हिशोब ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नसेल तरच. थोरला_भाऊ, पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात आहे का?

थोरला_भाऊ: हो, दर महिन्याला १०९ रुपये कापतात. ते आपल्याला मिळतात का पण? आम्हाला वाटलं पीएफसारखं काहीतरी असेल.

कामगार_मित्र: हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतं दादा. ईएसआयखाली असेल तर १९२३ च्या कायद्यातून मालकाकडे दावा लागत नाही, भरपाई ईएसआयकडून. पण ती कमी समजू नका. काम करता येत नव्हतं तेवढ्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्क्यांनी पैसे, म्हणजे महिन्याला १३ हजारांच्या आसपास. मग मेडिकल बोर्ड बसून किती टक्के कायमचं अपंगत्व ते ठरवतं, २० टक्के धरलं तर महिन्याला साधारण २,६००, तेही आयुष्यभर. कामावरच्या दुखापतीला इतके महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क. १० आकडी विमा नंबर आहे का बघा. नसेल आणि नुसते पैसे कापत असतील तरी हक्क जात नाही, ठेकेदाराने जिथे कामाला लावलं त्या मूळ कंपनीलाही जबाब द्यावा लागतो.

नवा_वारा: पण आता सगळं बदललंय ना? २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, दोन्ही कायदे त्यात गेले.

कामगार_मित्र: अपघात त्याआधीचा, ऑगस्टमधला आहे, हक्क त्या दिवशीच्या कायद्याने मोजायचा. आता खरा प्रश्न. दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलंय?

थोरला_भाऊ: आत्ता बघितलं. अंगावर काटा आला. "घरी लोखंडी दरवाजात हात अडकला". ठेकेदारच घेऊन गेला होता, खाजगी दवाखाना, बिल त्यानेच भरलं. आम्हाला वाटलं चांगला माणूस आहे.

फिटर_अण्णा: सगळीकडे हेच. आमच्याकडे एका पोराचा अंगठा असाच "घरी" गेला होता. त्याला काही मिळालं नाही, त्याच्या बायकोचा चेहरा अजून आठवतो मला.

कामगार_मित्र: म्हणून ती सही नको. तुमच्या "तक्रार नाही" वर त्याला हीच गोष्ट पक्की करायची आहे. उद्या कंपनी आणि ठेकेदार दोघांना रजिस्टर पोस्टाने अर्ज टाका, तारीख, वेळ, मशीन, शिफ्ट, शेजारच्या मशीनवर कोण होतं सगळं लिहा, अपघात नोंदवहीतली नोंद आणि ईएसआयला पाठवलेला अपघात अहवाल मागा. त्याची प्रत ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या, पोच घ्या. त्या दिवशीच्या हजेरीचा फोटो, शेजारच्या दोन कामगारांचं लेखी म्हणणं. तो त्या दिवशी शिफ्टला होता हे सिद्ध झालं की घरच्या दरवाजाची कथा टिकत नाही. आणि पट्टी मालकाच्या कामासाठीच होती, तेव्हा चूक तुझी म्हणून ईएसआय हात वर करत नाही.

शांत_सरोवर: राजीनामा दिला तर पीएफ लगेच निघतो का? माझ्या पुतण्याचा अडकलाय.

खटपट्या: माझा हिशोब चुकला, मान्य. ईएसआय विचारायलाच हवं होतं.

थोरला_भाऊ: शेजारच्या मशीनवर जो होता तो आमच्याच गावचा. म्हणतो लिहून देतो पण माझं नाव ठेकेदाराला कळू देऊ नका. हजेरीचं कार्ड भावाच्या जुन्या शर्टाच्या खिशात सापडलं, १२ तारखेला सकाळी ६:५२ चा शिक्का आहे त्यावर. कामगार_मित्र दादा, अर्ज कंपनीच्या नावाने टाकू का मालकाच्या?