'लिंचपिन'ला मराठीत काय म्हणावे? खीळ, कुणी की आणखी काही?

भाषांतरी :
चाके घडवणाऱ्या एका इंग्रज खेडुताच्या आठवणींचे भाषांतर करीत आहे. त्यात 'लिंचपिन' हा शब्द दोनदा येतो. पहिल्या ठिकाणी तो आसाच्या टोकाशी, चाक निसटू नये म्हणून ठोकलेला लोखंडी खिळा आहे, आणि तेथे मी 'खीळ' लिहून मोकळी झाले. पुढच्याच प्रकरणात मात्र लेखक आपल्या आईला घराची 'लिंचपिन' म्हणतो. मराठीत खीळ बसते ती कामाला नाहीतर प्रगतीला. त्यामुळे 'आई ही आमच्या घराची खीळ होती' असे लिहिले, तर त्या बिचारीची बदनामीच होईल. संपादकांनी 'आधारस्तंभ' सुचवले आहे, पण स्तंभ काही चाकात बसत नाही. दोन्हीकडे एकच शब्द चालेल असे काही सुचते का? त्याच मजकुरात 'नेव्ह' आणि 'फेलो' हेही चाकाचे भाग आले आहेत.

व्युत्पत्तीवेडा :
प्रश्न रंजक आहे. 'लिंच' म्हणजे जुन्या इंग्रजीतील 'लिनिस', आणि त्या शब्दाचा अर्थच मुळी आसाचा खिळा असा होता. जर्मनमध्ये आजही 'ल्युन्झे' आहे. पुढे लोक अर्थ विसरले आणि त्यांनी मागे 'पिन' जोडली. थोडक्यात, इंग्रजांचा हा पिवळा पीतांबर आहे. (जमावाच्या 'लिंचिंग'शी त्याचा काही संबंध नाही, तो शब्द आडनावावरून आला आहे.)

'नेव्ह' तर आपल्या घरचाच म्हणावा लागेल. जुन्या इंग्रजीत 'नफू' म्हणजे चाकाचा मधला गड्डा आणि 'नफेला' म्हणजे बेंबी. संस्कृतात 'नाभि' या एकाच शब्दाने दोन्ही दाखवली जातात. चर्चमधल्या मुख्य दालनालाही 'नेव्ह' म्हणतात, पण तो शब्द जहाजवाचक लॅटिन 'नाविस'वरून आलेला आहे, म्हणजे आपल्या 'नाव'चा भाऊ. दोन्ही नेव्हांचे नातेवाईक मराठीत नांदत आहेत, मात्र त्या दोघांचे एकमेकांशी नाते नाही.

याहून गमतीची गोष्ट 'ऑगर' या हत्याराची आहे. आपल्या सुताराच्या गिरमिटासारखे ते भोक पाडायचे हत्यार. त्याचे मूळ रूप 'नफूगार', म्हणजे नाभीत भोक पाडणारा भाला. 'अ नॉगर' असे म्हणता म्हणता लोकांनी त्यातला 'न' आधीच्या 'अ'ला चिकटवला आणि 'ॲन ऑगर' झाले.

गाडीवाट :
भाषांतरीताई, आमच्या गावी या खिळ्याला 'कुणी' म्हणत. आजोबांच्या गाडीचा तुंबा, आरे, पाटे, धाव हे सारे शब्द मी लहानपणी वंगणाच्या वासासकट ऐकलेले आहेत. बाजाराला निघण्यापूर्वी आजोबा दोन्ही कुण्या हाताने हलवून पाहत आणि मगच बैल जुंपत. तुमचा 'नेव्ह' म्हणजे तुंबा आणि 'फेलो' म्हणजे पाटा. चालते-बोलते शब्द असताना 'नाभी' कशासाठी हवी?

साधीबोली :
शब्द अस्सल आहे, परंतु 'वाटेत कुणी निसटली' हे वाक्य वाचून शहरातला वाचक 'कोण निसटली?' असेच विचारील. बैलगाडीत कधी न बसलेल्या वाचकासाठी 'चाकाची खीळ' हेच बरे. सायकलच्या दुकानात तुंब्याला 'हब' म्हणतात, आणि ते मराठीच झालेले आहे.

गाडीवाट :
त्या न्यायाने सगळेच इंग्रजीत लिहावे, म्हणजे भाषांतराची दगदगच नको.

व्युत्पत्तीवेडा :
'हब' हा 'नेव्ह'पेक्षा कितीतरी नंतरचा शब्द आहे, आणि जुना सुतार तो वापरणार नाही. तेव्हा 'हब' येथे काळाशी विसंगत ठरेल. 'फेलो'बद्दल सांगायचे राहिले. जुन्या इंग्रजीत 'फेल्ग' म्हणजे चाकाच्या कडेचा कमानदार लाकडी तुकडा. पुष्कळ जण त्याचा उच्चार 'फेली' असा करतात. 'मित्र' या अर्थाचा 'फेलो' वेगळा असून तो उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आला आहे. इंग्लंडमध्ये सहसा एका पाट्यात दोन आरे बसवीत, म्हणून बारा आऱ्यांच्या चाकाला सहा पाटे लागत.

ऋचा_वाचक :
सर्वांनी मुख्य शब्द वगळला आहे. वेदांत रथाच्या या खिळ्याला 'आणि' असे नाव आहे. तमिळमध्ये 'आणि' म्हणजे आजही खिळा. माझे तर असे मत आहे की आपले उभयान्वयी 'आणि' हेही त्याच खिळ्यावरून आले असावे, कारण तेही दोन गोष्टी एकत्र धरून ठेवते. 'आणीबाणी'ही तेथूनच आली असेल. ऐन युद्धात आणि निखळली की आणीबाणीच! दशरथाच्या रथाच्या आसात कैकेयीने बोट घातले, ती जागाही हीच.

व्युत्पत्तीवेडा :
वैदिक शब्द मान्य. बाकीचे मात्र कल्पनेचे घोडे आहेत. उभयान्वयी 'आणि' 'अन्य'वरून आलेले आहे, आणि 'आणीबाणी'ला निव्वळ ध्वनिसाम्यावरून रथाला जुंपता येणार नाही. खरे नाते पाहायचे असेल तर 'आस' पाहा. संस्कृत 'अक्ष', लॅटिन 'अक्सिस', जुन्या इंग्रजीतले 'एअक्स' ही एकाच कुळातली मंडळी आहेत. आजचे 'ॲक्सल' हे रूप मात्र नॉर्समधून आले. इक्षूचा जसा ऊस झाला आणि कुक्षीची कूस झाली, तसाच अक्षाचा आस झाला.

ऋचा_वाचक :
ध्वनिसाम्य वर्ज्य असेल, तर तुमचे निम्मे प्रतिसाद पुसावे लागतील.

साधीबोली :
आणि 'टायर' 'टाय'वरून, म्हणजे बांधण्यावरून आला, हे तरी बरोबर ना? आम्हाला शाळेत तसेच सांगितले होते.

व्युत्पत्तीवेडा :
नाही. तो 'अटायर' म्हणजे पोशाख या शब्दाचा संक्षेप आहे. टायर हा चाकाचा पेहराव. पंधराव्या शतकात पाट्यांच्या सांध्यांवर लोखंडाच्या सुट्या पट्ट्या ठोकत, त्यांना मिळून हे नाव होते. अखंड लोखंडी कडे पुढे आले, आणि डनलॉपचा हवेचा टायर तर थेट 1888 सालचा.

गाडीवाट :
इंग्रजाने चाकाला कपडे घातले आणि आम्ही त्याला धाव दिली. शब्द कोणाचा सरस, ते वाचकांनी ठरवावे. कडे चाकापेक्षा किंचित लहान घडवून गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचे, तापून पसरले की चाकावर चढवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. मग ते आवळताना पाटे, आरे, तुंबा असा प्रत्येक सांधा करकरतो. आमच्या लोहाराच्या अंगणात त्या दिवशी शाळा आपोआप सुटत असे.

भाषांतरी :
अगदी हेच वर्णन माझ्या मजकुरात आहे! फक्त लाकडे वेगळी आहेत. त्यांचा तुंबा एल्मचा आहे, कारण त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने इतकी भोके पाडूनही ते लाकूड फाटत नाही. आरे ओकचे आणि पाटे ॲशचे. तुंबा, पाटा आणि धाव मी घेतले. आईच्या वाक्यात 'कुणी' घालून पाहिले, तर संपादकांनी समासात 'कुणी म्हणजे कोण?' असा शेरा मारला. तेवढे एक वाक्य अजून अडलेले आहे.

ऋचा_वाचक :
'आणि' घाला. शेरा तरी नवा येईल.

गाडीवाट :
आमच्याकडे सगळे काम बाभळीचे असे. एल्मला मराठीत काय म्हणतात?

साधीबोली :
एल्मचे राहू द्या. ऑफिसात रोज ज्या 'डॅशबोर्ड'वर आकडे पाहतो, तो घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडवण्यासाठी गाडीच्या पुढे लावलेली फळी होता, असे आजच वाचले. हे खरे आहे का?

व्युत्पत्तीवेडा :
खरे आहे. शब्द अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकातला.

गाडीवाट :
मग त्याला 'चिखलफळी' म्हणायला काय हरकत आहे?