'स्मार्ट ग्रोथ'ला मराठीत काय म्हणावं?

नगररचनेवरचा एक मजकूर मराठीत आणतेय. 'स्मार्ट ग्रोथ' पानोपानी येतं. 'स्मार्ट वाढ' लिहिलं की लोकांना २०१५ची स्मार्ट सिटी योजना आठवते, चौकातले कॅमेरे आणि वायफाय. 'स्प्रॉल'लाही, म्हणजे शहराच्या अस्ताव्यस्त पसरण्यालाही, शब्द हवाय.

प्रतिसाद १
इथे 'स्मार्ट'चा यंत्रांशी संबंध नाही. ही संज्ञा गाजली ती अमेरिकेतल्या मेरिलँड राज्याच्या १९९७च्या कायद्यांमुळे. तिथे वस्ती शेतांवर पसरत चालली होती. राज्याने ठरवलं, रस्ते आणि मलवाहिन्यांसाठीचा आपला पैसा वसलेल्या किंवा वाढीसाठी आखून दिलेल्या भागांतच घालायचा. शेतात घर बांधायला बंदी नव्हती, पण त्याचा खर्च सरकार उचलणार नव्हतं. म्हणून मी 'आटोपशीर वाढ' म्हणेन. आटोपशीर म्हणजे लहान नव्हे, आवाक्यातलं. शाळा, वाणी, बसथांबा पायी गाठता यावा, इतकं. 'स्प्रॉल'ला सरळ 'पसारा'.

प्रतिसाद २
'पसारा' आवडला. पण आपल्याकडच्या पसाऱ्याला लोकांनी कधीच नाव दिलंय : गुंठेवारी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एकरात असे ४०. जमीन बिगरशेती न करता, रेखांकन मंजूर न करून घेता शेताचे गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे विकायचे. रस्ता, गटार, मैदान यांना जागा सोडायची राहून जाते. मी अशाच वस्तीत वाढलो. आमच्या गल्लीत रुग्णवाहिका वळत नसे, आजारी माणसाला खाटेवरून नाक्यापर्यंत न्यावं लागे. २००१मध्ये अशी बांधकामं नियमित करायला कायदा झाला, त्याच्या नावातही 'गुंठेवारी' आहे. परक्या शहरांबद्दल लिहिताना हा शब्द चालणार नाही, तिथे पसाराच बरा.

मूळ प्रश्नकर्ती
'आटोपशीर वाढ' आणि 'पसारा' नक्की. आता 'दाट' अडतंय. मजकूर म्हणतो वस्ती दाट असावी, वाचणाऱ्याला ऐकू येतं दाटीवाटी.

प्रतिसाद १
दोन्ही शब्द वेगळे ठेवा. 'दाट' हे माप आहे, हेक्टरी किती माणसं राहतात त्याचं. 'दाटी' हा अनुभव आहे. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, वाढवला, त्याच भूखंडावर मजले चढले, की वस्ती दाट होते. नळाचं पाणी, पदपथ आणि बस त्या हिशेबाने वाढल्या नाहीत तर तिथेच दाटी होते. 'दाट पण दाटी नसलेली' असं एकदा फोडून लिहा, पुढे नुसतं 'दाट' पुरेल.