पीएफची दोन्ही बाजूंची कपात पगारातून, तरी पासबुक कोरे: दाद कोणाकडे मागावी?

प्रश्न: सुदामानगरकर (इंदूर)

मी पीथमपूर येथे वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो. काम कारखान्याचे असले तरी नेमणूक ठेकेदारामार्फत झालेली आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये होतात आणि वेतनपावतीवर पीएफच्या नावाने दरमहा ३,३६० रुपये कापलेले दिसतात, म्हणजे माझे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के, दोन्ही माझ्याच पगारातून जातात. विचारले की "पॅकेजमध्ये ते धरलेलेच आहे" असे उत्तर मिळते. तेही एक वेळ सोसले असते, परंतु दिवाळीपासून पासबुकात एकही नवी नोंद नाही. कारखान्याचा एचआर विभाग ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदाराचा सुपरवायझर कारखान्याने बिल अडवल्याचे सांगतो. लेखी तक्रार केली तर गेटपास बंद होईल, या भीतीने सोबतचे सगळे गप्प आहेत. अशा वेळी नेमके कोणाला जबाबदार धरावे?

उत्तर: खातेवही

मी हिशेबाच्या कामात असल्यामुळे आधी आकडे मांडतो. १४,००० वर आपला वाटा १,६८० रुपये होतो. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के, म्हणजे १,१६६ रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५१४ रुपये आपल्या पीएफ खात्यात जमा होतात. पासबुकात हे तीन रकाने वेगवेगळे दिसले पाहिजेत. ठेकेदार बदलला असेल तर एकाच यूएएनखाली (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक) दुसरा सदस्य क्रमांक तयार झालेला असतो आणि आपण जुनेच पासबुक उघडून बसतो, असेही पुष्कळदा घडते. तेवढे आधी पाहून घ्यावे.

त्यानंतर ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या, संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे, तेथे ठेकेदाराचे नाव किंवा कोड टाकावा. त्याने कोणत्या महिन्याचे किती पैसे, किती कर्मचाऱ्यांसाठी भरले, हे तेथे कोणालाही पाहता येते. मागील महिन्याचा भरणा पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हावा लागतो. तेथे रक्कम भरलेली दिसत असेल आणि आपले नाव त्यात नसेल, तर प्रश्न वेगळा आहे. महिनाच रिकामा असेल तर सरळ थकबाकी आहे.

जबाबदारीचे म्हणाल, तर १९५२ च्या योजनेनुसार ठेकेदाराच्या कामगारांचे दोन्ही वाटे भरले जातील हे पाहणे मुख्य मालकाचे, म्हणजे कारखान्याचे, कर्तव्य आहे आणि ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करण्याचा मार्गही कायद्याने त्यालाच दिलेला आहे. त्यामुळे "ठेकेदाराला विचारा" हे उत्तर एचआरने आपसांत द्यावे, कामगाराला नव्हे. मालकाचा वाटा कामगाराच्या वेतनातून वसूल करण्यासही त्याच योजनेत स्पष्ट मनाई आहे. मात्र नेमणूकपत्र नीट वाचा. एकूण वेतन वेगळे दाखवून मालकाचा वाटा त्याच्या वर धरलेला असेल, तर त्यावर वाद घालता येतो. आपल्याप्रमाणे पावतीच्या कपात-रकान्यात तो दाखवलेला असेल, तर ती पावती हाच पुरावा आहे. ती जपून ठेवा.

उत्तर: निवृत्त_फिटर

वरील हिशेब बरोबर आहे, पण एकट्याने पुढे होऊ नये असे माझे मत आहे, कारण ठेकेदाराच्या माणसाला काढण्यासाठी कारखान्याला एक फोन पुरतो. आठ-दहा जणांनी एकाच मजकुराचे, आपापल्या यूएएनसह वेगवेगळे अर्ज करावेत. अर्ज हिंदीत लिहावेत. ईपीएफओच्या इंदूर कार्यालयात मराठी अर्ज वाचणारा भेटेलच असे नाही, आणि या कामात भाषाभिमान उपयोगाचा नाही. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ईपीएफओचे 'निधि आपके निकट' हे तक्रार-निवारण शिबिर भरते. पीथमपूर धार जिल्ह्यात येते, हे शिबिराचे ठिकाण पाहताना ध्यानात ठेवा. रेसकोर्स रोडवरील क्षेत्रीय कार्यालयात गेलात तर अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

उत्तर: नंदानगर_परिसर

ईएसआयचीही, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्यविम्याचीही, चौकशी करावी. आपल्या वेतनावर ०.७५ टक्का, म्हणजे १०५ रुपये, कापले जात असतील आणि तेही भरले जात नसतील, तर नंदानगरच्या ईएसआय रुग्णालयात गेल्यावरच ते कळते, आणि ती वेळ भांडण्याची नसते.

प्रश्नकर्ता: सुदामानगरकर

सर्वांचे आभार. संकेतस्थळावर पाहिले; ठेकेदाराने भरणा केलेला दिसतो, पण कर्मचाऱ्यांची संख्या आमच्या एका पाळीच्या हजेरीपेक्षाही कमी आहे. पोलिसांत जाण्याइतकी ही बाब गंभीर ठरते का?

उत्तर: खातेवही

ठरू शकते. कामगाराचा वाटा कापून तो न भरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा आहे. परंतु आधी ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर नोंद करून तक्रार क्रमांक घ्या आणि कर्मचारी-संख्येतील ही तफावत त्यात आवर्जून लिहा. थकबाकीची चौकशी ईपीएफओने करायची असते, आणि वसुली लागली की ठेकेदारावर व्याज व दंड दोन्ही बसतात. हजेरीच्या नोंदीचे फोटो असतील तर सोबत जोडा. गेटपासची झेरॉक्सही चालेल.