पोर्शे 944 (1986): गरम झाल्यावर सेल्फ फिरतो, पण इंजिन चालू होत नाही

जर्सीकर_944
नमस्कार मंडळी. गाडी न्यू जर्सीत आहे. 2.5 लिटर, आठ व्हॉल्व्ह, टर्बो नाही. थंड असताना पहिल्या सेल्फला चालू होते. तासभर चालवून पेट्रोल भरायला पंधरा मिनिटं थांबलं की मग कितीही सेल्फ मारा, दाद देत नाही. सेल्फ जोरात फिरतो. बॅटरी, प्लग, डिस्ट्रिब्युटर कॅप नवीन आहेत. पाऊण तासाने काही झालंच नाही अशी चालू होते. फ्युएल पंप बदला असा सल्ला मिळालाय. पंप घेण्याआधी काय तपासू?

ओहम_आणि_पाना
पंप अजून घेऊ नका. आधी एवढंच ठरवा की स्पार्क जातोय की पेट्रोल. ही तपासणी गाडी अडलेली असतानाच करायची. थंड गाडीवर सगळी मापं बरोबरच येतात आणि तिथेच लोक फसतात.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. काटा दोनशे-तीनशेपर्यंत थरथरला तर इंजिनचा कंप्युटर (डीएमई) कॉइलला ठिणगी मारायला सांगतोय, म्हणजे पेट्रोलच्या बाजूने शोधा. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून राहिला तर एकतर कंप्युटरला करंट मिळत नाही, नाहीतर फ्लायव्हीलचं, म्हणजे इंजिनमागच्या दातेरी चाकाचं, फिरणं ओळखणाऱ्या दोन सेन्सरपैकी (स्पीड आणि रेफरन्स) एकाचा सिग्नल येत नाही.

करंट डीएमई रिलेतून येतो. एकाच डबीत दोन रिले असतात, एक कंप्युटरला आणि एक पंपाला. आतल्या सोल्डरला वर्षानुवर्षांच्या उष्णतेने केसासारखी गोल भेग पडते. गरम झालं की जोड सुटतो, थंड झालं की पुन्हा चिकटतो. रिले काढून सॉकेटमध्ये 30, 87 आणि 87b या तिन्ही जागा 2.5 चौरस मिमीच्या वायरने जोडा. मागून पंपाची गुणगुण ऐकू येईल. आता गाडी चालू झाली तर दोष रिलेचा. पंप वाजतोय, तरी काटा मेलेलाच, तर सेन्सर. वायर ही फक्त तपासणीपुरती. तिच्यावर गाडी चालवू नका, कारण अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ओततच राहील.

सिंहगड_रोड
काटा हलत असेल तर गरम रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) पेट्रोलची वाफ झालेली असू शकते. किल्ली ऑन करून तीन सेकंद थांबा, असं दोनदा करा, पंप दाब भरेल.

ओहम_आणि_पाना
नव्या गाड्यांत चालेल, 944 मध्ये नाही. इथे नुसत्या किल्लीवर पंप फिरतच नाही. इंजिन फिरतंय असा सिग्नल मिळाल्यावरच कंप्युटर पंप लावतो. म्हणून दाब उतरलेला असला की सेल्फ लांबवर मारावा लागतो.

वाफेची शंका असेल तर दाब मोजाच. रेलच्या टोकाच्या टोपी-नटमध्ये एक छोटी पोलादी गोळी असते. नट सोडताना खाली कापड धरा, नाहीतर ती गेलीच समजा. इंजिन गार असताना आणि सिगारेट, ठिणगी दूर ठेवूनच हे काम करा. गेज लावून, वायरने पंप चालवला की सुमारे 2.5 बार दिसायला हवेत. पंप बंद केल्यावर वीस मिनिटांनी किमान 1 बार उरायला हवा. भराभर उतरला तर पुन्हा दाब भरा आणि पंप बंद करताक्षणी परतीचा रबरी पाइप चिमट्याने दाबा. दाब टिकला तर दाब राखणारा रेग्युलेटर गळतोय. पंपाकडचा पाइप दाबल्यावर टिकला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप), आणि तो बहुतेक वेळा एकटा मिळतो, अख्खा पंप घ्यावा लागत नाही. दोन्हींनी फरक पडला नाही तर इंजेक्टर.

कूलंट_काका
एक भर घालतो. स्पार्क प्लग ओले आणि पेट्रोलचा वास येत असेल तर डीएमईचा तापमान सेन्सर मोजा. 20 अंशाला 2 ते 3 किलोओहम, 80 अंशाला साधारण 300 ओहम. वायर तुटलेली असेल तर कंप्युटर इंजिन बर्फासारखं थंड समजून गरम इंजिनात पेट्रोल भरत राहतो.

जर्सीकर_944
आज गरम असताना अडली. काटा शून्यावर, वायर जोडल्यावर पंप वाजतो पण चालू नाही. फ्लायव्हीलच्या दोन सेन्सरच्या कनेक्टरवर 1-2 पिनमध्ये एकाचं 940 ओहम, दुसऱ्याचं अनंत. थंड झाल्यावर दुसऱ्याचंही 970.

ओहम_आणि_पाना
मग सापडला. माप 600 ते 1600 ओहममध्ये हवं आणि तिसऱ्या, म्हणजे शील्डच्या पिनकडे जवळपास अनंत. बेलहाउसिंगवर (फ्लायव्हीलवरचं कवच), फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली भिंत) कोंडीत बसलेले हे सेन्सर आतून तुटतात. दोन्ही एकदम बदला, कारण दुसऱ्यानेही तेवढीच उष्णता खाल्लीय.

काढताना घाई नको. ते भोकात गंजून चिकटतात आणि ओढले की अर्धे आत राहतात. आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल मारा, मग थोडे डावी-उजवीकडे फिरवत काढा. दोन्ही कनेक्टर एकसारखेच असतात, म्हणून सुटे करण्याआधी खुणा करा. अदलाबदल झाली तर गाडी थंड असतानाही चालू होणार नाही.

अंतर 0.8 मिमी हवं. स्पीड सेन्सरच्या टोकाला तेवढ्या जाडीचा वॉशर चिकटवा, फ्लायव्हीलच्या दात्याला टेकेपर्यंत ब्रॅकेट सरकवा, बोल्ट आवळा, सेन्सर बाहेर काढून वॉशर सोलून टाका आणि परत बसवा. रेफरन्स सेन्सर त्याच ब्रॅकेटवर असल्याने त्याचं अंतर आपोआप जुळतं. वॉशर काढल्याशिवाय सेल्फला हात लावू नका.