गोठ्यात गेलेलं आयुष्य: बडोदा आणि आसपासचे अनुभव सांगा

आमच्या काकांनी दिवाळीनंतर शेवटची म्हैस विकली. वय ८३. सावली तालुक्यात, महीकाठच्या गावात त्यांची साठ वर्षं गेली. आम्ही बाकी सगळे बडोद्यात नोकरीधंद्याला लागलो, ते तिथेच राहिले.

म्हैस टेम्पोत चढेना. दोघांनी मागून रेटलं, एकाने वैरण दाखवली. शेवटी काका स्वतः फळीवरून वर चढले आणि ती त्यांच्या मागे निमूट गेली. आमच्यात जनावर दिलं तरी दावं देत नाहीत. काकांनी ते सोडून घेतलं, टेम्पोवाल्याचा दोर बांधला आणि खाली उतरले.

त्यांची एक सवय सांगतो. मंडळीत, म्हणजे गावच्या सहकारी दूध संस्थेत, दूध भरायला सकाळ-संध्याकाळ रांग लागते. रांगेत कोणाची बरणी आलेली नाही, हे काका बघून ठेवायचे. धार काढायला उठता आलं नाही म्हणजे घरात काहीतरी अडलं आहे. परत येताना ते त्या घरावरून यायचे. कोणाला ताप, कोणाची म्हैस अडलेली, कधी नवरा-बायकोचं भांडण. कोणाला सावलीच्या दवाखान्यात नेलं, कोणाची धार स्वतः काढून दिली, त्याची कुठे नोंद नाही. म्हणूनच हा धागा काढला. तुमच्या घरात, गावात अशी माणसं असतील तर लिहा.

डभोई तालुक्यातून, एक सून

मी पुण्याची. लग्न होऊन आले तेव्हा गोठ्यात सहा सुरती म्हशी होत्या. सासूबाईंचा हात मोडला आणि धार माझ्यावर आली. म्हैस पान्हाच सोडेना. रेडकू पाजलं, आंबोण पुढे ठेवलं, तरी कास दगडासारखी. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "माझं जुनं लुगडं नेस गं, आणि तोंडाने काहीतरी म्हणत राहा." मी लुगडं नेसले आणि मला येणारं एकच, शाळेतलं गाणं म्हणत राहिले. चौथ्या दिवशी मागच्या सडाला कोमट धार लागली, चरवीत तो आवाज आला आणि मी तिथेच रडले.

म्हैस व्यायली की सासूबाई आधी रेडकाला पोटभर चीक पाजायच्या, अगदी जार (वार) पडायचीही वाट बघायच्या नाहीत. उरलेल्याचा खरवस गावात जिथे बाळंतीण असेल तिथे आधी जायचा, मग आमच्या घरात. मंडळीचं सभासदत्व त्यांच्या नावावर होतं आणि वर्षाअखेरचा भावफेर (दुधाच्या भावातला फरक, बोनससारखा) त्यांच्या हातात यायचा. त्यातून त्यांनी गावातल्या दोन मुलींची अकरावी-बारावीची फी भरली. एक आज नर्स आहे. ती येते तेव्हा आधी गोठ्यात जाते.

निवृत्त मंत्री, दूध मंडळी, पादरा तालुका

बाहेरच्यांसाठी सांगतो, इकडे मंडळीच्या सेक्रेटरीला मंत्री म्हणतात. मी ३१ वर्षं ते काम केलं. दुधातलं फॅट मोजायचं मशीन यायच्या आधी सगळं हाताने. काचेच्या नळीत १० मिलि गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिलि दूध, मग १ मिलि अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवायचं, नळी हाताला चटका देते, मग चक्रात फिरवायचं आणि वर तरंगलेली पिवळी रेघ वाचायची. म्हशीचं सहा-सात टक्के, गाईचं साडेतीन-चार. माझ्या एकाही लेंग्याचा गुडघा अ‍ॅसिडने भोकं पडल्याशिवाय राहिला नाही.

त्या रेघेवर माणसाचा पैसा ठरतो, म्हणून ती सगळ्यांसमोर वाचायची हा माझा नियम होता. एकदा एका विधवा बाईच्या दुधात लॅक्टोमीटर फार खाली बुडाला. पाणी होतं. मी रांगेत काही बोललो नाही. संध्याकाळी घरी गेलो तर तीन मुलं आणि एक भाकड होत आलेली म्हैस. पुढचे चार महिने तिच्या म्हशीचं दाण (खुराक) आम्ही पाच जणांनी उधारीवर चालवलं, आणि तिने पुन्हा पाणी घातलं नाही.

मंडळी हा शब्द बडोद्याला नवा नाही. भाऊसाहेब कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी इथेच १८८९ मध्ये काढली, देशात सहकाराचा कायदा यायच्या १५ वर्षं आधी. दुधाचं काम पुढे त्रिभुवनदास पटेलांनी खेडा जिल्ह्यात १९४६ मध्ये उभं केलं, आणि आपल्या जिल्ह्याचा दूध संघ १९५७ चा. आपल्या मराठी घरांतून कवठेकरांचं नाव नव्या पिढीला माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

कारेलीबाग, बडोदा

मी गावातला नाही, घेणाऱ्यांपैकी आहे. ३१ जुलै २०१९, एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस. विश्वामित्री नदी घरात. तळमजला गेला, वीज गेली, पाण्यात मगर दिसल्याचं सांगत होते म्हणून कोणी खाली उतरेना. मुलगी दहा महिन्यांची. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत दुधाच्या बरण्या आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. एक म्हातारे गृहस्थ कमरेइतक्या पाण्यातून जिन्यापर्यंत आले, आमचं पातेलं घेतलं, भरून दिलं आणि म्हणाले, "तापवून ठेवलेलं आहे, बाळाला तसंच द्या." पैसे विचारले तर हात हलवून पुढच्या जिन्याकडे गेले. कोणत्या गावचे, तेही विचारायचं राहिलं.

करजणजवळून

२०२२ ला लम्पी (गुरांच्या अंगावर गाठी आणणारी साथ) आली तेव्हा आमच्या गावातली दहा-बारा पोरं रोज गोठे फिरायची. आजारी गाय वेगळी बांधायची, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर, जखमांवर हळद-तेल, आणि पशुवैद्य आले की गोटपॉक्सची (शेळ्यांच्या देवीची) लस टोचताना जनावर धरायचं. माझी गीर गाय गेली. खड्डा खणायला तीच पोरं आली. रात्रीचे अकरा वाजले होते.

आणंदहून, माहेर वाघोडिया

थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. माझ्या आईने ४० वर्षांत माहेरी दोन रात्री सलग काढल्या नाहीत. माझ्या लग्नात सप्तपदी झाली आणि ती गाडीत बसून धारेला परत गेली. तिची बोटं आता सरळ होत नाहीत. सेवा, सेवा म्हणतात, तिची धार एक दिवस दुसऱ्या कोणी काढली असती तर तीही सेवाच होती. वरचे काका दुसऱ्यांच्या धारा काढून द्यायचे हे वाचलं आणि खूप वेळ तिथेच थांबले.

धागा काढणारा

वाघोडियाच्या ताई, तुमचं लिहिलेलं काकूंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तिला विचार, आई कुठे असते आता." कळवाल का?

काका अजून चारला उठतात. चहा घेतात आणि मंडळीच्या ओट्यावर जाऊन बसतात, बरणी नसली तरी. परवा फोनवर मला विचारत होते की वरच्या आळीतल्या अमक्याचं दूध दोन दिवस आलेलं नाही, तू बडोद्याहून येताना त्याच्या मुलाला भेटशील का. रविवारी जातो आहे.