ऑक्टोबरअखेर स्पर्नला जायचंय: समुद्रपक्षी आणि रिंगिंग एकाच दिवशी जमेल का?

लीड्सकर_पाहुणा

नमस्कार मंडळी,

पुण्यात असताना रविवारी पहाटे कवडीपाट, नाहीतर भिगवण, एवढंच माझं पक्षीनिरीक्षण. समुद्रपक्षी म्हणाल तर आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरचे कुरव आणि सुरय. त्यातही कुठला कुरव, या भानगडीत कधी पडलो नाही. आता लीड्सला आहे. लेकीला (वय ९) ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळेला सुट्टी आहे, तेव्हा यॉर्कशरच्या टोकाला स्पर्नच्या बर्ड ऑब्झर्व्हेटरीकडे (पक्षी-अभ्यास केंद्राकडे) दोन रात्री राहून यावं असा बेत आहे.

सकाळी समुद्रपक्षी आणि दुपारी रिंगिंग (पक्षी जाळ्यात पकडून पायात क्रमांकाचा वाळा घालून सोडणं) असं बसवता येईल का? माझ्याकडे ८×४२ ची दुर्बीण आहे, टेलिस्कोप नाही. तो नसेल तर जाण्यात अर्थ आहे का? आणि हा बायकोचा प्रश्न, तिच्याच शब्दांत: "एवढा समुद्र ओलांडून दमलेल्या पक्ष्याला जाळ्यात पकडायचं, पायात वाळा घालायचा आणि त्याला अभ्यास म्हणायचं?" मला काही उत्तर देता आलं नाही. इथे कोणी ते काम केलंय का?

हंबरकाठची

मी मूळची चिपळूणची, आता बरीच वर्षं हल शहरात. स्पर्न माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर. तिथे रिंगिंग शिकतेय, म्हणजे अजून ट्रेनरच्या नजरेखालीच. तेव्हा अधिकारवाणीने नाही, पण सांगते.

पहिल्यांदा तुमचं वेळापत्रक फाडून टाका. समुद्र आणि जाळी या दोन सवती आहेत, एका दिवशी दोघींना खूश करता येत नाही. समुद्रपक्षी बघायला उत्तरेचा वारा हवा, तोही चांगला दणदणीत. एरवी हे पक्षी किनाऱ्यापासून लांब, खोल समुद्रावरून जातात. उत्तरेचा वारा त्यांना खाली नॉर्थ सीमध्ये ढकलतो, हा समुद्र दक्षिणेकडे निमुळता होत जातो आणि मग ते किनाऱ्यालगत आपल्या नजरेच्या टप्प्यात येतात. अशा वाऱ्यात जाळी उघडत नाहीत. जाळं फुगतं, पक्ष्याला ते दिसतं, आणि अडकलाच तर इजा होऊ शकते. पाऊस असेल तरीही जाळी बंद, कारण भिजलेला छोटा पक्षी गारठून मरतो.

रिंगिंगचा दिवस वेगळाच. वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा, वर ढग, धुकं, रिपरिप. स्कँडिनेव्हियातून आणि त्याही पलीकडून रात्री स्वच्छ आकाश बघून निघालेले पक्षी समुद्रावर या गचाळ हवेत सापडतात आणि पहिली जमीन दिसेल तिथे उतरतात. हंबर नदीच्या मुखाशी समुद्रात शिरलेली साडेपाच किलोमीटरची वाळूची जीभ म्हणजे स्पर्न, त्यामुळे ती पहिली जमीन बऱ्याचदा हीच असते. पाऊस थांबून वारा पडला की दुसऱ्या दिवशी पहाटे जाळी उघडतात. झुडपाझुडपांत गोल्डक्रेस्ट, रॉबिन, रेडविंग. म्हणून रोज रात्री वाऱ्याचा अंदाज बघायचा आणि सकाळचा कार्यक्रम त्यावर ठरवायचा. दोन रात्रींऐवजी तीन मिळाल्या तर घ्या.

आता तारखेबद्दल खरं सांगते. शिअरवॉटर आणि स्कुआ या समुद्रपक्ष्यांचा मुख्य हंगाम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. तुम्ही जाल तेव्हा तो ओसरलेला असेल. ग्रेट स्कुआ तर २०२२ च्या बर्ड फ्लूनंतर एकूणच कमी झालेत. (किनाऱ्यावर मेलेला पक्षी दिसला तर लेकीला हात लावू देऊ नका, त्याचं कारणही तेच.) पण ऑक्टोबरअखेरची मजा वेगळी. लाल गळ्याचे डायव्हर पक्षी दक्षिणेकडे जात असतात, काळ्या स्कोटर बदकांच्या लांबच लांब रांगा पाण्याला घासत जातात, आणि उत्तरेचा वारा लागला तर लिटल ऑक. साळुंकीपेक्षा लहान पक्षी, आर्क्टिकमधून आलेला, लाटांच्या घळीत दिसेनासा होतो आणि पुढच्या लाटेवर पुन्हा वर येतो, पंखांची फडफड इतकी जलद की पंख असे दिसतच नाहीत. मला तो कुठल्याही स्कुआपेक्षा आवडतो. इथले जुने लोक यावर नाक मुरडतील, मुरडोत.

टेलिस्कोप नसला तरी या. गॅनेट दुर्बिणीतही छान दिसतात: पांढरे, पंखांची टोकं काळी, पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास. दूरच्या पक्ष्यांसाठी शेजारी बसलेल्यांचा आधार घ्या. आठ किलोमीटरवर हंबर गेटवेच्या ७३ पवनचक्क्या उभ्या आहेत, त्याच सगळ्यांच्या खुणा. कोणीतरी ओरडतो, "डावीकडून चौथ्या पवनचक्कीखाली, दक्षिणेकडे, एक स्कुआ!" आणि सगळे टेलिस्कोप तिकडे वळतात. "जरा बघू का?" म्हटलं तर बहुतेक जण बघू देतात, लहान मुलीला तर नक्कीच. फक्त कोणाच्या टेलिस्कोपपुढून चालत जाऊ नका. समुद्र पूर्वेला आहे, म्हणजे निरभ्र सकाळी सूर्य थेट डोळ्यांत. ढगाळ दिवस दिसला तर हिरमुसू नका.

दाभोळखाडी

ताई, छान लिहिलंय. आमच्याकडे उलटं. समुद्रपक्षी बघायला आम्ही जात नाही, तेच आमच्या अंगणात येऊन पडतात. पावसाळ्यात वादळ झालं की किनाऱ्यावर दमून पडलेला एखादा बूबी, नॉडी किंवा सूटी टर्न सापडतो, पोरं उचलून आणतात आणि मग फोनाफोनी.

पण वहिनींच्या प्रश्नाला तुम्ही बगल दिलीत! मलाही तीच शंका आहे. आता कॅमेरे आहेत, सॅटेलाइट टॅग आहेत, मग हे वाळे कशाला?

हंबरकाठची

बगल नाही हो दादा, शिफ्ट सुरू झाली म्हणून थांबले होते.

टॅग लावायलाही पक्षी पकडावा लागतो, हे आधी लक्षात घ्या. आणि साडेपाच ग्रॅमच्या गोल्डक्रेस्टला सॅटेलाइट टॅग बांधणार कुठे? त्याच्या रिंगचं वजन त्याच्या वजनाच्या शंभराव्या भागाइतकंही नसतं.

वहिनींसाठी एक पक्षी हातात घेतल्यापासून सोडेपर्यंत काय होतं ते सांगते. जाळ्याची फेरी ठरावीक वेळाने मारायचीच, चहा अर्धा राहिला तरी. पक्षी ज्या बाजूने शिरला त्याच बाजूने सोडवायचा, आधी पाय, मग पंख, शेवटी डोकं. सुती पिशवीत घालून टेबलाशी आणायचा. पिशवीत अंधार असतो, त्यामुळे तो शांत बसतो. बाहेर काढताना त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे, पाठ तळहाताला. दाबायचं नाही, नुसतं धरायचं. पक्कडीला ठरावीक मापाची भोकं असतात, त्यात रिंग धरून ती पायाभोवती मिटवायची, टोकं जुळली पाहिजेत आणि रिंग पायावर सहज सरकली पाहिजे. पंखाची लांबी पट्टीवर. मग गळ्यापासून पोटापर्यंत हळूच फुंकर मारायची. पिसं बाजूला होतात आणि पातळ कातडीखाली गळ्याच्या खळगीत पिवळसर चरबी दिसते, किंवा दिसत नाही. समुद्र ओलांडून आलेल्या पक्ष्याची खळगी बऱ्याचदा रिकामी असते. वजनासाठी छोट्या डबीत डोकं खाली करून ठेवायचा आणि मग सोडायचा. सरावलेल्या हाताला हे सगळं मिनिटभराचं काम आहे, माझ्या हाताला अजून नाही. पक्षी थकलेला वाटला तर मापं सोडून द्यायची आणि त्याला आधी सोडायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

हे कोणीही उठून करू शकत नाही. ब्रिटनमध्ये बीटीओचं (ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीचं) परमिट लागतं, तेही ट्रेनरबरोबर बराच काळ काढल्यावर. बारीक धाग्याचं मिस्ट नेटसुद्धा परमिटवाल्यालाच विकत मिळतं.

बदल्यात काय मिळतं? छोट्या पक्ष्यांपैकी शंभरांत एकाचीही पुन्हा खबर लागत नाही, हे खरं. पण जी लागते तिच्यावर सगळं उभं आहे. १९११ साली इंग्लंडात रिंग घातलेली माळभिंगरी १९१२ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत नातालमध्ये सापडली. या भिंगऱ्या हिवाळ्यात कुठे जातात, याचा पहिला पक्का पुरावा तो. नॉर्दर्न आयर्लंडच्या कोपलँड बेटावर १९५३ साली एका मॅन्क्स शिअरवॉटरला रिंग घातली, तेव्हाच तो पूर्ण वाढलेला होता. २००३ साली त्याच बेटावर तो पुन्हा हातात आला. हा पक्षी पन्नास वर्षांहून जास्त जगतो, हे कॅमेऱ्याने कसं कळलं असतं? दिसायला सगळे शिअरवॉटर सारखेच.

तरीही वहिनींना पटलं नाही तर वाद घालू नका. पहिल्यांदा जाळ्यातला रॉबिन बघितला तेव्हा माझंही पोट ढवळलं होतं.

वटवट्यावेडी

पुण्याहून लिहितेय. पाहुणे, तिकडे कोणी "ग्रीनिश वॉर्बलर!" ओरडलं तर हसू नका. आपल्या कॉलेजच्या आवारात, सोसायटीच्या वडावर सबंध हिवाळाभर "चिस्वी, चिस्वी" करणारा तो हिरवट वटवट्या. इथे कोणी मान वर करून बघत नाही, आणि स्पर्नला ऑगस्टअखेर एखादा आला की लोक गाड्या काढतात. छातीवर केशरी असलेल्या रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचरचंही तेच. आपल्या भोरड्यासुद्धा, ज्वारीच्या शेतात ज्यांना हाकलून घसा बसतो, त्या तिकडे चुकूनमाकून एखाददुसरी, बहुतेक त्याच वर्षीचं मातकट पिल्लू. पूर्व युरोप आणि मध्य आशियाकडचे हे पक्षी खरं तर आपल्याकडे यायचे, त्यातले काही उलट्या दिशेला जातात. माझ्या मते स्पर्नला जाणाऱ्या मराठी माणसाने मुद्दाम हेच बघावेत, पण तुमच्या तारखांना हिरवट वटवट्या मिळायचा नाही.

हंबरकाठची, यलो-ब्राउड वॉर्बलर मात्र त्या दिवसांत असतो ना?

हंबरकाठची

असतो, पूर्वेचा वारा हवा. सैबेरियातून आग्नेय आशियाकडे जायचा, तो यॉर्कशरच्या काटेरी झुडपात. आवाज "त्सुईस्ट" असा वर चढत जातो. एकदा ओळखला की मग तो न दिसताही सापडतो.

लीड्सकर_पाहुणा

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने वाचलं. म्हणाली, "पिशवीतला अंधार आणि फुंकर एवढं पटलं, बाकी प्रत्यक्ष बघून ठरवीन." म्हणजे ती येतेय, हेही नसे थोडके. तीन रात्रींचं बघतो. दोन शंका राहिल्या: रिंगिंग बघायला आधी परवानगी लागते का, आणि टोकावरच्या दीपगृहापर्यंत चालत जाता येतं का? लेकीला दीपगृह हवंच आहे.

हंबरकाठची

रिंगिंगची खास प्रात्यक्षिकं सप्टेंबरात मिगफेस्टला, म्हणजे इथल्या पक्षी-स्थलांतर महोत्सवाला, असतात. एरवी आदल्या संध्याकाळी ऑब्झर्व्हेटरीत जाऊन विचारा, उद्या जाळी उघडणार का आणि आम्ही आलो तर चालेल का. लेकीला सांगून ठेवा की टेबलाशी गप्प उभं राहायचं आणि हात मागे बांधायचे.

दीपगृह १८९५ सालचं. तिथे जाता येतं, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय नाही. डिसेंबर २०१३ च्या उधाणाने स्पर्नची मान, म्हणजे मधला अरुंद भाग, तोडली, तिथला रस्ता गेला, आता मोठ्या भरतीला तिथून समुद्र आरपार जातो. फलक लावलेला असतो, त्यावरची वेळ पाळायची. चालत जाऊन येऊन तीनेक तास धरा, लहान पायांना जास्तच. वाळूत सायकल किंवा बाबागाडी चालत नाही.

आणखी एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी पावणेआठच्या सुमाराला उजाडतं, ते रविवारी पावणेसातच्या आसपास. गजर त्याप्रमाणे लावा. टोपी, हातमोजे, थर्मास घ्या, आणि वहिनींना म्हणावं दशम्या जास्तच बांधा, मी शनिवारी तिथेच आहे.