गोचीडतापाचं औषध झालं, वाघ्या बरा झाला, आता नाकातून रक्त. परत तेच आहे का?

ओसरी (वाई)

नमस्कार मंडळी. आमचा वाघ्या गावठी कुत्रा, वय साडेचार, वजन बरोबर २० किलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं भाकरी सोडली. दूध-भाकरीचा वास घ्यायचा, तोंड फिरवायचा आणि न्हाणीजवळच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडायचा. अण्णा म्हणाले, उकाड्यानं असेल, पाऊस पडला की येईल ताळ्यावर. तिसऱ्या दिवशी उचलून दवाखान्यात नेला. ताप १०४.२ निघाला. अंगावर गोचिडी होत्याच. गोचीडताप म्हणून एक इंजेक्शन दिलं आणि डॉक्सीसायक्लिनच्या १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. रक्त तपासलं नाही. चौथ्या दिवशी हा पोस्टमनवर भुंकला, तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली. दहा दिवसांनी पाकीट संपलं. नवीन आणलं नाही. किती दिवस द्यायच्या हे मी विचारलंच नव्हतं, हे माझं चुकलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. काल रात्री तो दोनदा शिंकला आणि शहाबादी फरशीवर रक्ताचे तीन थेंब पडले, डाव्या नाकपुडीतून. बॅटरी घेऊन बघितलं तर पोटावर आणि मांडीच्या आतून टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. आधी वाटलं पिसवा चावल्या. खातो, पण निम्मंच.

शेजारच्या काकू लसूण-हळद चारायला सांगतात. मेडिकलवाला म्हणाला, माणसांची तापाची अर्धी गोळी द्या. अजून काहीही दिलेलं नाही. मागे थायलेरिया या गोचिडीपासून होणाऱ्या रोगानं आमची एक जर्सी गाय गेली, त्यामुळे अण्णांच्या मते गोचिडी गोठ्यातूनच येतात. उद्या गोठ्यात मारायचं डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक घरभर मारायचं चाललंय. घरात चिंगी नावाची मांजर पण आहे, वाघ्याच्या कुशीत झोपते.

ताप उलटला का? कोणती तपासणी करून घेऊ? आणि काढल्या तरी आठवड्यात गोचिडी परत दिसतात, त्या येतात कुठून?


पशुवैद्य (निवृत्त)

आधी तातडीचं. नाकातून रक्त आणि त्वचेखाली ठिपके म्हणजे प्लेटलेट, रक्त थांबवणाऱ्या पेशी, खाली गेल्या असं धरून चाला आणि आज सकाळीच निघा. तुम्हाला शिरवळ जवळ आहे, तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाचं चिकित्सालय आहे. नेताना पळवू नका, गळ्यात पट्टा आवळू नका, मोकळी दोरी छातीवरून घ्या.

माणसांची वेदनेची-तापाची कुठलीही गोळी नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, आणि प्लेटलेट नसताना तो व्रण वाहू लागला तर थांबत नाही. लसणानं तांबड्या पेशी फुटतात. ज्याला आधीच रक्त कमी आहे त्याला तर मुळीच देऊ नका.

तपासणी: सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट मोजणी. कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. सोबत रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, कारण तीच गोचीड एर्लिकियाबरोबर (हाच तुमच्या गोचीडतापाचा जंतू) तांबड्या पेशीत शिरणारा बॅबेशियाही देऊ शकते आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे. लघवी चहाच्या रंगाची होत असेल तर तेही सांगा. किटवरची एर्लिकियाची चाचणी केलीत तर एक लक्षात ठेवा, ती प्रतिपिंडं, म्हणजे शरीरानं जंतूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं दाखवते, जंतू नाही. रोग गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह येत राहते. त्यामुळे उलटला की नाही हे प्लेटलेटवरून आणि जनावराकडे बघून ठरवायचं, किंवा पीसीआर करायचं, ती तपासणी जंतूच थेट शोधते.

डॉक्सी २८ दिवस लागते. दहा दिवसांत जनावर उभं राहतं, जंतू मात्र संपत नाहीत. गोळी जेवणाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा, नाहीतर अन्ननलिकेत अडकून भाजते. दुधातून किंवा कॅल्शियमच्या औषधाबरोबर दिली तर नीट अंगी लागत नाही. तुम्ही दूध-भाकरीचा उल्लेख केलात म्हणून मुद्दाम लिहिलं.

अण्णांना सांगा, गाईच्या अंगावर जी गोचीड सर्रास दिसते तिचं लहानपण-मोठेपण सगळं एकाच गाईवर जातं. कुत्र्याची तपकिरी गोचीड वेगळी. ती तीनदा रक्त पिते आणि तिन्ही वेळा खाली पडते, तीही तुमच्या घरातच. कात टाकायला आणि अंडी घालायला ती भिंतीवर चढते. तुम्ही कुत्र्यावर बघताय ती थोडी. बाकीच्या भिंतीत आहेत.


पांढरी माती (मिरज)

डॉक्टरांनी सगळं सांगितलंय, तरी लिहिते. तुमचं ते 'पाकीट संपलं' वाचून हात थांबेना.

माझी राणी होती, तांबूस रंगाची, मार्केट यार्डाच्या दारात सापडलेली. २०१९ मध्ये तिला गोचीडताप झाला. आठ दिवसांत बरी झाली आणि आम्ही गोळ्या थांबवल्या. त्यानंतर चौदा महिने ती दिसायला ठणठणीत होती. एवढंच की जिना चढताना मध्ये एकदा थांबायची. मी म्हणायचे, वय झालं. ती सहा वर्षांची होती! सहा वर्षांच्या कुत्रीचं वय होत नसतं. मग एक दिवस जांभई देताना मी तिचं तोंड बघितलं. हिरड्या पांढऱ्याफटक. हिमोग्लोबिन चार, प्लेटलेट नऊ हजार. तो जंतू इतके महिने आत बसून होता आणि हाडांच्या मगजापर्यंत गेला होता, नवीन रक्तच तयार होत नव्हतं. ओळखीच्या एका लॅब्रॅडॉरचं रक्त दिलं. अकरा दिवस तिला मिळाले.

आता माझ्याकडे काळू आहे. मी रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी, म्हणजे गॅस, त्याच्यापाशी बसते. वरचा ओठ उचलायचा, सुळ्याच्या वर हिरडीवर अंगठा दाबायचा आणि सोडायचा. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. आपल्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, काळूच्या निम्म्या काळ्याच आहेत. तसं असेल तर डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. महिनाभर रोज बघितलंत की तुमच्या कुत्र्याचा गुलाबी कोणता हे डोळ्यांना पाठ होतं. मग फिका पडला की कुणी सांगावं लागत नाही.

ठिपके पिसवांचे की रक्ताचे, याला सोपी युक्ती आहे. काचेचा पेला घ्या आणि त्याचा बूड ठिपक्यावर दाबा. चावलेली जागा पेल्याखाली फिकी होते. त्वचेखालचं रक्त असेल तर ठिपका तसाच लाल दिसत राहतो.

ताप हाताला कळत नाही. नाक गरम-थंड बघूनही कळत नाही. चाळीस-पन्नास रुपये जास्त गेले तरी चालतील, वेगळा डिजिटल थर्मामीटर आणा, टोकाला खोबरेल लावा आणि शेपटीखालून बघा. १०१ ते १०२.५ ठीक. काळूला आता सवय झालीय, तो उभा राहून भिंतीकडे बघत बसतो.

गोचिडी शोधताना पाठीवरून हात फिरवून समाधान मानू नका. कानाच्या आतली घडी, कानामागची दुहेरी कातडी, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पायांच्या बोटांमध्ये. पिल्लं खसखशीएवढी असतात. आपल्याला वाटतं माती चिकटलीय. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून धरायचा आणि न पिळता सरळ वर ओढायचं. रॉकेल, तेल, पेटती काडी काही नको. बोटांनी चिरडू नका, झाकणाच्या बाटलीत थोडं स्पिरिट ठेवा आणि त्यात टाका. माझ्याकडे तशी बाटली देवघराच्या खालच्या कप्प्यात असते. सासूबाई आधी रागावल्या, आता त्याच विचारतात, आज किती?

आणि पहिल्या दवाखान्यावर राग धरून बसू नका, पण पुढच्या वेळी रक्त तपासल्याशिवाय उठू नका. तपासणीचा कागद जपून ठेवा. राणीचा पहिला कागदच नव्हता, त्यामुळे चौदा महिन्यांपूर्वी किती होतं हे कुणाला सांगता आलं नाही.


मनीची आई (डोंबिवली)

चिंगीसाठी लिहितेय. डेल्टामेथ्रिन घरभर मारू नका, निदान ती घरात असताना तर नाहीच! मांजराच्या यकृताला ही औषधं पचवता येत नाहीत. आमच्याकडे कुणी मारलं नव्हतं, कुत्र्याच्या मानेवर टाकायचं त्याच गटातलं परमेथ्रिनचं औषध टाकलं होतं, आणि आमची मांजर मनी त्याला चिकटून झोपली. दोन तासांत तिचे कान फडफडायला लागले, मग पाय, मग सगळं अंग थरथरायला लागलं. दोन रात्री सलाईनवर होती. वाचली. चिंगी वाघ्याच्या कुशीत झोपते हे वाचून मला ते सगळं आठवलं.

क्रोसिनसुद्धा मांजराला कधीच नाही, पाव गोळीही नाही. पॅरासिटामॉलनं त्यांचं रक्त तपकिरी पडतं, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो.

विषय निघालाच आहे तर, तुमच्याकडे पुढे बोका आला आणि तो मातीच्या ट्रेमध्ये सारखा बसतोय, कण्हतोय आणि लघवीचा थेंब नाही असं दिसलं, तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. नळी तुंबलेली असते, एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याच रात्री न्यायचं.


ओसरी (वाई)

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी सातला निघालो, शिरवळला नंबर लागला. प्लेटलेट ३८,०००, हिमोग्लोबिन ८.६. काचेवर बॅबेशिया दिसला नाही. एर्लिकियाच. डॉक्सी पूर्ण २८ दिवस, आठव्या दिवशी परत सीबीसी. रक्त घेतल्यावर सुईची जागा मी दहा मिनिटं कापसानं दाबून उभा होतो.

पेल्याची युक्ती निघायच्या आधी केली. ठिपके तसेच लाल राहिले. तेव्हाच अण्णा चप्पल घालून गाडीत येऊन बसले.

गोचिडींसाठी दर महिन्याला द्यायची चघळायची गोळी दिलीय. चिंगीला मांजराचं वेगळं औषध, तेही वजन करून. डेल्टामेथ्रिन गोठ्यातच राहिलं.

आता भिंतींचं सांगतो. रात्री बॅटरी घेऊन बघितलं. वाघ्या जिथे झोपतो तिथून हातभर वर, दाराच्या चौकटीत आणि दगडी भिंतीच्या सांध्यात, ओळीनं बसलेल्या. दिनदर्शिकेच्या खिळ्यामागे एक टपोरी, करड्या रंगाची, आणि तिच्याखाली तपकिरी, खसखशीसारखी अंडी. आई म्हणाली, मी रोज इथे तारीख बघते. भिंतीतल्या फटी चुना-सिमेंटनं भरायला गवंडी उद्या येतोय. वाघ्याचं पोतं जाळलं, नवीन चादर दर दोन दिवसांनी उकळत्या पाण्यात.


पशुवैद्य (निवृत्त)

योग्य चाललंय. गवंड्याला चौकटीच्या वरची बाजू आणि छताचा सांधा विसरू देऊ नका, त्या वरच जातात. पाच-सहा महिने तरी महिन्याची गोळी चुकवू नका. उपाशी गोचीड भिंतीत कित्येक महिने तग धरते, आणि आज फुटलेलं अंडं पुढच्या महिन्यात चावतं.


ओसरी (वाई)

आठव्या दिवशी १,१२,०००. अठ्ठाविसाव्या दिवशी २,२४,०००, हिमोग्लोबिन ११.९. डॉक्टरांनी महिन्यानं परत एकदा बोलावलंय.

पांढरी माती ताई, तिन्ही कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्याच दिनदर्शिकेच्या खिळ्याला टांगलेत. हिरड्या बघायचं काम अण्णांनी आपणहून घेतलंय. चहाच्या आधी ओसरीवर बसून वाघ्याचा ओठ उचलतात, अंगठा दाबतात, मोठ्यानं 'एक, दोन' म्हणतात आणि आत आईला ओरडून सांगतात, 'गुलाबी हाय गं!'